वाईट बातमी साहेबांपर्यंत

१९९६ साली अल्कोआ या अमेरिकन अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या भागधारकांच्या सभेत एक नन उठून उभी राहिली. मेक्सिकोतल्या सिउदाद अकुन्या इथल्या तुमच्या कारखान्यात वायूमुळे कामगार आजारी पडताहेत, असं तिने अध्यक्ष पॉल ओनील यांना सर्वांदेखत सुनावलं. ओनील यांनी तिथल्या तिथे नोंदी काढून दाखवल्या. कागदावर तो कारखाना उत्तम होता. तरी त्यांनी विषय तिथेच मिटवला नाही, चौकशीला माणसं पाठवली. कारखान्यात खरंच वायू साठला होता, कामगारांना त्रास झाला होता, उपायही झाला होता; फक्त मुख्यालयाला कोणी कळवलं नव्हतं. तिथली जबाबदारी असलेला अधिकारी कंपनीत अनेक वर्षं मुरलेला, मोठी कामं आणणारा. त्याला घरी पाठवलं गेलं. वायू साठला म्हणून नव्हे, तो प्रकार वर कळवला नाही म्हणून.

कामाच्या ठिकाणची नैतिकता मी इथे शोधतो. भिंतीवर लावलेली मूल्यांची चौकट कुठल्याही कंपनीत सापडते. वाईट बातमी सांगणाऱ्याचं तिथे काय होतं, यावरून वरचा माणूस कळतो.

ओनील १९८७ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्या भाषणात नफ्याबद्दल ऐकायला आलेल्यांना त्यांनी कामगारांच्या सुरक्षेबद्दल सांगितलं आणि त्याच दालनातून आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत तेही दाखवलं. ऐकणारे चक्रावले. हा माणूस कंपनी बुडवणार, असंही काहींना वाटलं. कारखान्यांमध्ये गेल्यावर त्यांनी कामगारांना घरचा फोन नंबर दिला: वरिष्ठ सुरक्षेचं ऐकत नसतील तर थेट मला सांगा. कोणाला इजा झाली, तर विभागप्रमुखाने २४ तासांत ते आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करणार हे कळवायचं, असा नियम केला.

काही महिन्यांतच अ‍ॅरिझोनातल्या कारखान्यात नुकताच कामाला लागलेला एक तरुण मेला. मशीन अडकलं होतं, ते सुरू करायला तो सुरक्षेचं कुंपण ओलांडून आत गेला. मशीन सुरू झालं आणि मशीनचा दांडा त्याच्या डोक्यात बसला. आत शिरताना त्याला पाहूनही कोणी अडवलं नव्हतं. अशा वेळी 'कामगाराची चूक' असा शेरा मारून फाइल बंद करणं किती सोपं असतं! ओनील यांनी अधिकाऱ्यांना बसवून सगळी घटना पुन्हा पाहायला लावली आणि सांगितलं, याला आपण मारलं, हे माझ्या नेतृत्वाचं अपयश आहे.

पुढे इजेमुळे बुडणाऱ्या कामाचं प्रमाण दर १०० कामगारांमागे १.८६ वरून ०.२ वर आलं. नफाही अनेक पटींनी वाढला, आणि व्यवस्थापनाच्या वर्गात गोष्ट याच टोकाने सांगितली जाते. मला ते पटत नाही. नफा वाढला नसता, तर तो तरुण मेला तरी चाललं असतं का?

आपल्याकडे एमआयडीसीतल्या कित्येक कारखान्यांच्या गेटवर 'अपघाताशिवाय गेलेले दिवस' असा बोर्ड असतो. हेतू चांगला. पण त्या आकड्यावर बक्षीस आणि वार्षिक मूल्यमापन अवलंबून ठेवलं, की बोट चेमटलेला माणूस सुपरवायझरला अडचणीचा वाटू लागतो. मग खासगी दवाखान्यात टाके, पगारी सुट्टी आणि नोंदीत काहीच नाही. जखमी ठेकेदाराचा माणूस असेल, तर तो मोजायचा कोणाच्या खात्यात यावरच आधी वाद. वास्तविक ४८ तास कामावर येता येणार नाही अशी इजा झाली तर सरकारला कळवायचं, हे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टनेच सांगितलं होतं. पण ते कळवायला आधी कोणाला तरी साहेबांच्या केबिनचं दार ठोठावावं लागतं.

म्हणून नव्या प्लांट हेडने पहिल्या आठवड्यात बोर्डावरचा आकडा विचारू नये. गेल्या वर्षी ज्याने अपघात कळवला, त्याला पुढे बढती मिळाली की बदली, हे विचारावं.