पूर येण्याआधी बोटीचे भोक बुजवा

कृष्णा-पंचगंगाकाठच्या गावांनी 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले. रस्ता पाण्याखाली गेला की गावाला वाट उरते ती बोटीचीच. पण पावसाळा सरला की फायबरची बोट कोपऱ्यात पडते, ती पुन्हा पाणी चढेपर्यंत!

"बारीक तर भोक हाय, लांबी लावा की!" असे सर्रास म्हणतात. लांबी तात्पुरती. भोकातले पाणी फायबरच्या थरांत मुरते आणि थर सुटू लागतात.

दुरुस्ती उन्हाळ्यातच करावी. बोट पालथी घालून पूर्ण वाळवावी. सुटलेला भाग ग्राइंडरने काढून भोकाच्या कडा बशीसारख्या उतरत्या घासाव्यात. जाडी 5 मिलिमीटर असेल तर उतार चहूबाजूंनी सुमारे 60 मिलिमीटर हवा. नवा थर पकड घेतो तो या उतारावरच. भोक आरपार असल्यास मागून प्लॅस्टिक गुंडाळलेला पुठ्ठा लावावा. जागा ॲसिटोनने पुसून, रेझिनमध्ये भिजवलेले मॅटचे तुकडे एकावर एक बसवावेत. हवेचे बुडबुडे ब्रशने दाबून काढावेत. शेवटी जेलकोट.

किलोभर पॉलिस्टर रेझिनला हार्डनर 10 ते 20 ग्रॅम पुरते. कोबाल्ट वेगळे मिळाले तर ते आधी रेझिनमध्ये नीट ढवळावे, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडतो. घासताना मास्क आणि चष्मा हवाच.

ग्रामपंचायतीने मे महिन्यातच बोट पाण्यात घालून तपासावी. पुरात दुरुस्तीला ना कोरडी जागा मिळते, ना कोरडा दिवस.