सज्जता सूचना

सज्जता सूचना : भाड्याने घेतलेले मालवाहू जहाज ठरलेल्या बंदरात पोहोचले असून माल भरून घेण्यास सर्व दृष्टींनी तयार आहे, असे कप्तानाने किंवा त्याच्या वतीने जहाजाच्या एजंटाने जहाज भाड्याने घेणाऱ्यास (भाडेकऱ्यास) कळविणे. व्यापारात हिला ‘नोटीस ऑफ रेडिनेस’ म्हणतात. वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतींतील माल न्हावा-शेवा बंदरातून मुख्यत्वे कंटेनरांमधून नियमित जहाजसेवेने जातो. तेथे माल पाठविणाऱ्याचा या सूचनेशी सहसा संबंध येत नाही. लोहखनिज, कोळसा, धान्य इ. सुट्या मालासाठी संपूर्ण जहाज घेतल्यास मात्र तिला महत्त्व येते.

भाडेकरारात माल चढविण्यास ठरावीक अवधी दिलेला असतो. त्याची गणना सूचनेवर अवलंबून असते. अवधी उलटल्यास भाडेकऱ्याला दर दिवसागणिक विलंबशुल्क (डेमरेज) द्यावे लागते. काम लवकर संपल्यास, करारात तरतूद असेल तर, त्याला बक्षीस मिळते. ‘जेनकॉन’ या नमुना-करारानुसार (१९९४) दुपारी १२ पर्यंत सूचना दिल्यास गणना १ वाजता, त्यानंतर कचेरीच्या वेळेत दिल्यास पुढील कामाच्या दिवशी सकाळी ६ वाजता सुरू होते. गोव्यातील लोहखनिज मांडवी व जुवारी नद्यांतून बार्जांनी आणून मुरगाव बंदरात नांगरलेल्या जहाजांत भरण्याची पद्धत रूढ झाली. अशा वेळी बार्ज उशिरा आल्यास जहाज खोळंबल्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रथम सूचनेवरून ठरते.

सूचना वैध ठरण्यास जहाज करारात ठरलेल्या स्थळी पोहोचलेले असावे लागते आणि ते प्रत्यक्ष सज्ज असावे लागते, उदा., धान्यासाठी मालकक्ष कोरडे, स्वच्छ व कीटकरहित हवेत. धक्का मोकळा नसल्यास बंदराच्या हद्दीतील नेहमीच्या प्रतीक्षास्थळी थांबलेले व भाडेकऱ्याच्या हाती तत्काळ येऊ शकणारे जहाज बंदर-करारात ‘पोहोचलेले’ मानावे, असा निर्णय ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९७३ मध्ये दिला.

उतराईच्या वेळीही असाच प्रश्न उद्‌भवतो. १९९८ मध्ये ‘हॅपी डे’ या जहाजाने ओडेसाहून गहू आणला व कोचीबाहेर असतानाच सूचना दिली. ती अवैध होती. धक्क्यास लागल्यावर नवी सूचना दिली गेली नाही. उतराईस सु. तीन महिने लागले. अवधी सुरूच झाला नाही, असे भाडेकऱ्यांचे म्हणणे होते. परंतु त्यांनी हरकत न घेता उतराई सुरू केल्यामुळे तेव्हापासून अवधी मोजावा, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये ठरविले.