पगडीचे आत्मवृत्त

शाळेतल्या निबंधांनाही जाती होत्या आणि प्रत्येक जातीचा आचार ठरलेला होता. खालच्या इयत्तांत वर्णन. गायीला चार पाय, दोन शिंगे, एक शेपटी. एवढे झाले की तिचे उपयोग. दारातल्या गायीकडे वळून पाहण्याची गरज कुणालाच भासत नसे. पुढे प्रसंगवर्णन, मग आत्मवृत्त, मग कल्पनाप्रधान, आणि सर्वांत वर, सोवळ्यातला, वैचारिक निबंध.

वडोद्याच्या मराठी मुलाची त्याआधीच एक परीक्षा होऊन जाई. शाळेत बाळबोध गिरवायची, तर बाजारातल्या पाट्या गुजराती. गुजरातीला डोक्यावर रेघ नाही, आणि तिचा ‘र’ म्हणजे थेट आपला दोनाचा आकडा. त्यामुळे आमच्या वहीत कधी शब्द बोडके राहत, कधी ‘राम’ आकड्याने सुरू होई. घरी आजोबांची मोडी. तिच्यात आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग हात फारसा न उचलता अक्षरे तिला टांगीत जायची. आम्हाला ती मुंग्यांची रांग वाटे.

आत्मवृत्ताची पाळी १९५६ साली, आठवीत आली. साचा ठाऊक होता. रस्त्याने जाताना ‘थांब बाळा!’ अशी हाक येते, फाटके पुस्तक किंवा मोडकी छत्री आपली कर्मकहाणी सांगते आणि शेवटी गप्प होते. वर्गातल्या साऱ्या छत्र्या एकाच दुकानातल्या.

मी आजोबांची पगडी घेतली. त्यांनी संस्थानच्या कचेरीत जन्मभर कारकुनी केली होती. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दरबारच्या दिवशी घालायची ती पगडी पेटीत गेली. दर दसऱ्याला ते ती बाहेर काढीत, धूळ झटकीत आणि पुन्हा ठेवून देत. डोक्यावर घालीत नसत. घरात त्याबद्दल कुणी काही विचारीत नसे. मी तेवढेच लिहिले. ‘थांब बाळा’ राहूनच गेले. मात्र निबंधाला थोडा डौल हवा, म्हणून पगडीला ‘लालभडक’ हे विशेषण जोडले.

दहापैकी चार गुण मिळाले. तांबड्या शाईत शेरा होता: ‘येथे पगडी बोलत नाही, मुलगाच बोलतो.’ शेरा अन्यायाचा नव्हता, हे आज कबूल करतो. त्या दिवशी मात्र वही दप्तराच्या तळाशी दडवली.

ती आजोबांच्या हाती कशी लागली, कळले नाही. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी समासात एक मोडी ओळ दिसली, बोरूने लिहिलेली. मला ती वाचता येईना, आणि विचारण्याचा धीर झाला नाही.

मोडी मला लागली ती फार पुढे, आजोबा गेल्यानंतर. वही तोवर जपून ठेवली होती. ओळ अशी होती: ‘पगडी अबोली रंगाची आहे. पाहून लिहावे. बाकी मजकूर बरोबर.’