जाळ्यातला पक्षी आणि मिनिटाला सहा श्वास

संत्र्याच्या बागाइतदाराची रात्र कशी जाते, हे पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला सांगावं लागत नाही. आंबिया बहार चांगला धरलेला असतो आणि मग फळगळ सुरू होते. रोज सकाळी झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला दिसतो. व्यापाऱ्याशी सौदा व्हायचा असतो, सोसायटीचं कर्ज फेडायचं असतं, त्यात आभाळ भरून आलं की गारपिटीची धास्ती. दिवसा कामाच्या रगाड्यात हे सगळं मागे पडतं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एकेक करून पुढे येतं. फळगळ तर हातात नसतेच, पण विचार थांबवणंही आपल्या हातात नाही, हे लक्षात येतं तेव्हा जीव जास्तच घाबरा होतो.

मनाच्या दुखण्याने गांजलेला माणूस देवाच्या दारी जातो, हे या भागाला नवं नाही. सौंसरजवळ जामसावळीला, निजलेल्या हनुमानासमोर, अशी कितीतरी कुटुंबं आस धरून बसलेली असतात. ख्रिस्ती श्रद्धेतही या दुखण्यासाठी एक जुनी, वहिवाटीची वाट आहे. नवल असं, की त्या वाटेवरच्या एका थोर वाटाड्याचं नाव आपल्याकडे हजारो लोक रोज घेतात आणि तो कोण होता हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

दवाखाना, कॉलेज, मोठी खरेदी म्हटली की इथला माणूस नागपूर गाठतो. त्या नागपुरात एसएफएस शाळा आहे, सेमिनरी हिल्सवर एसएफएस कॉलेज आहे, सदर नावाच्या भागात त्याच नावाचं कॅथेड्रल आहे. ही आद्याक्षरं संत फ्रान्सिस डी सेल्स यांची. 1838 मध्ये आजच्या फ्रान्सच्या आल्प्स डोंगरातल्या आन्सी गावी त्यांच्या नावाने मिशनऱ्यांचा एक संघ निघाला. 1846 मध्ये ही मंडळी विशाखापट्टणमला पोहोचली, तिथून मध्य भारतात आली आणि 1887 मध्ये नागपूरचा वेगळा धर्मप्रांत झाला. शाळा उभ्या राहिल्या, पिढ्या शिकून गेल्या, नाव लोकांच्या तोंडी रुळलं. ज्यांचं ते नाव, ते स्वतः काळजीच्या खाईतून वर आलेले होते.

फ्रान्सिस यांचा जन्म 1567 चा, सव्हॉय प्रांतातला. पॅरिसला शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना एका विचाराने पछाडलं. कोण तरणार आणि कोण बुडणार हे देवाने आधीच ठरवून टाकलंय, असा वाद त्या काळी युरोपात पेटलेला होता. आपलं नाव बुडणाऱ्यांतच आहे, अशी या पोराची खात्री झाली. सुमारे सहा आठवडे अन्न गोड लागेना, झोप येईना, अंगात त्राण उरलं नाही. शेवटी एका चर्चमध्ये मरियामातेच्या मूर्तीपुढे ते गुडघे टेकून बसले. तिथे एका फलकावर एक प्रार्थना लिहिलेली होती, ती त्यांनी म्हटली. मरणानंतर काहीही वाट्याला येवो, निदान या जन्मात तरी मी देवावर प्रेम करीन, असा निश्चय केला. आणि भीतीचं ओझं उतरलं.

यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांच्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळालं नव्हतं. भविष्य जितकं अंधारात होतं तितकंच राहिलं. पण उत्तर मिळाल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचंच नाही, हा हट्ट सुटला.

पुढे ते बिशप झाले आणि 1609 मध्ये त्यांनी भक्तिमय जीवनावर एक पुस्तक लिहिलं. ते मठातल्या संन्याशांसाठी नव्हतं, प्रपंचात अडकलेल्या संसारी माणसांसाठी होतं. त्यात काळजीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पाप सोडलं तर माणसाच्या जिवाला काळजीइतकं घातक दुसरं काही नाही, इतक्या स्पष्ट शब्दांत ते लिहितात. त्याहून थक्क करणारी आहे ती त्यांनी केलेली उकल. संकट आलं की त्यातून सुटावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण सुटकेची घाई झाली की माणूस धडपडू लागतो. धडपडून लगेच सुटका होत नाही, म्हणून आणखी घाबरतो. मग मूळ संकट बाजूला राहतं आणि ही घाबरगुंडीच मोठं संकट होऊन बसते. जाळ्यात सापडलेला पक्षी पंख फडफडवून स्वतःलाच आणखी गुरफटून घेतो, तसं हे, असं ते सांगतात.

सुमारे पावणेचारशे वर्षांनी, 1987 मध्ये, अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी एक साधा प्रयोग केला. पांढऱ्या अस्वलाचा विचार मनात आणू नका, असं त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं. आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा दाबून ठेवलेलं अस्वल अधिकच जोराने वर आलं. विचाराला ढकलून लावायला गेलं की तो चिवट होतो, हे प्रयोगशाळेत दिसलं. फ्रान्सिस यांना ते स्वतःच्या रात्रींनी शिकवलं होतं.

मग करायचं काय? ख्रिस्ती परंपरा विचाराशी झोंबी घ्यायला सांगत नाही. ती मनाला हळूच दुसरं काम देते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रिअस नावाचे एक तपस्वी राहत होते. मनाला छळणाऱ्या विचारांचे त्यांनी आठ प्रकार पाडले आणि प्रत्येकासाठी बायबलमधली छोटी वचनं निवडून ठेवली. सगळी मिळून सुमारे पाचशे. अमुक विचार आला तर अमुक वचन म्हणायचं. म्हणजे वैद्याच्या बटव्यासारखा हा वचनांचा बटवा सोळाशे वर्षांपूर्वी तयार होता. यात विचाराशी लांबलचक वाद घालणं नाही. विचार आला, त्याला ओळखलं, ठरलेलं वचन म्हटलं आणि हातातल्या कामाकडे वळलं, एवढंच. पूर्वेकडच्या ख्रिस्ती साधकांनी पुढे हे आणखी आटोपशीर केलं. येशूचं नाव आणि दयेची याचना, एवढी एकच ओळ श्वासाच्या लयीत दिवसभर म्हणायची. नामस्मरणात वाढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही.

आता शरीराची बाजू पाहा, कारण खरं आश्चर्य तिथे आहे. कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ म्हणतात. एक मणी, मरियामातेची एक प्रार्थना. पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, दुसरा बाकीच्यांनी. म्हणणारा एका दमात आपला भाग संपवतो आणि समोरचे म्हणत असताना श्वास घेतो. 2001 मध्ये इटलीतले डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना ही प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावून त्यांचा श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजला. प्रार्थनेचं एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं. त्यामुळे श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला. एरवी बसल्या जागी आपण मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो.

आपल्या रक्तदाबातही जवळपास दहा-दहा सेकंदांनी एक नैसर्गिक लाट येत असते. जपाची लय त्या लाटेशी जुळली आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाल्याचं मोजमापात दिसलं. त्याच माणसांनी ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हटला, तेव्हाही तेच घडलं. जपमाळ घडवणाऱ्यांच्या हाती सेकंद मोजणारं घड्याळ नव्हतं, रक्तदाबाचं यंत्र नव्हतं. शतकानुशतकं म्हणून म्हणून प्रार्थना त्या लयीला येऊन ठेपली असावी. मनाने ऐकायचं नाकारलं तरी श्वासामार्फत शरीराला समजावता येतं, हे भाविकांना त्यामागचं शास्त्र कळण्याआधी अनुभवाने गवसलं होतं.

यावर कुणी विचारेल, म्हणजे श्रद्धावंताने काळजी करायचीच नाही का? रडायचंच नाही का? बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. तिथल्या 150 स्तोत्रांपैकी पुष्कळशी तक्रारीची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती वाट पाहू, असा टाहो आहे. बहुतेक स्तोत्रं तक्रारीकडून भरवशाकडे वळतात. 88 वं स्तोत्र मात्र अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र ग्रंथात जपून ठेवलेलं आहे. स्वतः येशूही अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत व्याकूळ झाले. हे टळू दे, अशी विनवणी त्यांनी पुन्हा पुन्हा केली आणि शिष्यांना सोबत जागं राहायला सांगितलं. म्हणून काळजी वाटणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

भक्तीतून मनाला सावरण्याची हीच वाट मराठीत आणणारे कवी नारायण वामन टिळक. ते काही काळ नागपूरकर होते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी येशूची भक्ती अभंगांत आणि कीर्तनात ओतली. मराठी चर्चमध्ये आजही टाळाच्या ठेक्यावर त्यांची पदं गातात. अभंगाचा चरण लांबवत गाताना श्वास लांबतो आणि शेजारच्या दहा जणांचा श्वास त्याच लयीत चालतो. घाबरलेल्या माणसाला आपण एकटे नाही, हे तिथे अंगाने कळतं.

फ्रान्सिस यांच्या त्या प्रकरणातला शेवटचा उपदेश तर आजच्या कुठल्याही डॉक्टरने द्यावा असा आहे. मन अस्वस्थ असेल तर ते कुणा जाणत्या, विश्वासू माणसापाशी उघडं करा. मन मोकळं करण्यासारखं औषध नाही.

म्हणून ज्यांची ही श्रद्धा आहे त्यांनी आज रात्री एवढं करून पाहावं. काळजी आली की तिला हाकलू नये. एक छोटं वचन निवडावं आणि श्वास सोडताना ते सावकाश म्हणावं. मन भरकटलं तर स्वतःवर न चिडता त्याला परत आणावं. देवाला खरं खरं सांगावं, तक्रारसुद्धा. आणि सकाळी एका माणसाला सांगावं. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे त्यांच्या घरातही नाम आहे, भजन आहे. त्याच लयीने तेही म्हणावं. मात्र झोप, भूक आणि काम यांवर काळजीने कब्जाच केला असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवाच. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो फोन लावण्यात श्रद्धेला कुठलाही कमीपणा नाही.