डोंगरी सायकलशर्यत आणि घरचा जमाखर्च

डोंगरवाटेवरील सायकलशर्यत १९९६ सालीं अ‍ॅटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत प्रविष्ट झाली. आतां आपल्या घरांतील चौदा-पंधरा वर्षांचीं मुलेंही तिचा हट्ट धरूं लागलीं आहेत. हट्ट वाईट नव्हे. परंतु सायकलीची किंमत म्हणजेच एकंदर खर्च, हा समज खोटा होय. हेल्मेट, टायर, साखळी, ब्रेक, प्रवेशशुल्क, प्रवास व मुक्काम यांचा अंदाज आधींच कागदावर मांडावा.

वाढत्या वयांत सायकलीची चौकट लौकरच तोकडी पडते. म्हणून आरंभीं वापरलेली पण सुस्थितींतील सायकल घ्यावी. साखळी अर्धा-पाऊण टक्का लांबतांच बदलावी. नाहीं तर ती मागील दातेरी चक्रेंही झिजविते व खर्च अनेक पटींनीं वाढतो. जोरानें आपटलेलें हेल्मेट मात्र, वरून धड दिसलें तरी, टाकून द्यावें. तेथें काटकसर नको.

सर्वांत महत्त्वाचें हें कीं, एकाच्या शर्यतीपायीं दुसऱ्या भावंडाच्या शिक्षणाचा वाटा मुकाट्यानें कापूं नये. वर्षाच्या खर्चाची मर्यादा सर्वांदेखत ठरवावी आणि हिशेबाची वही मुलाच्याच हातीं द्यावी. मग कोणती शर्यत सोडावयाची, हेंही त्यालाच ठरवूं द्यावें.