संगणकाचे फसवे शून्य

१/(२ + कोसाइन क्ष) हे फल घ्या. क्ष ० पासून २ पाय पर्यंत, म्हणजे एक पूर्ण फेरा, वाढत गेला तर आलेखाखालचे क्षेत्रफळ किती भरेल? यालाच निश्चित समाकल म्हणतात. आधी अंदाज बांधू. कोसाइनची किंमत −१ ते १ असते. म्हणून आपले फल १/३ ते १ या मर्यादेतच राहील. फेऱ्याची लांबी सुमारे ६.२८. तेव्हा उत्तर २.०९ व ६.२८ यांच्या दरम्यान असलेच पाहिजे.

आता पुस्तकी रीत. ज्याचे अवकलन केल्यावर आपले फल मिळेल असे दुसरे फल शोधावयाचे आणि त्याच्या शेवटच्या किमतीतून पहिली वजा करावयाची. टॅन (क्ष/२) = ट मानले की ते दुसरे फल मिळते :

(२/√३) × व्यस्त टॅन (ट/√३)

क्ष = ० असता ट शून्य. क्ष = २ पाय असताही ट शून्यच! म्हणजे क्षेत्रफळ शून्य? संगणकाच्या काही गणिती प्रणालींच्या जुन्या आवृत्त्या अशा जागी खरोखरच फसत.

गोम आहे मध्यावर, क्ष = पाय येथे. तेथे टॅन ९० अंशांशी गाठ पडते. त्या बिंदूच्या अलीकडे ट धन अनंताकडे धावतो, पलीकडे तो ऋण अनंताकडून येतो. त्यामुळे आपले दुसरे फल पाय/√३ वरून एकदम −पाय/√३ वर कोसळते. मूळ फल मात्र तेथे शांतपणे १ असते. वजाबाकीचा नियम सलग फलालाच लागू पडतो, ही अट आपण (आणि यंत्रानेही) पाहिलीच नाही. (शिक्षकांनी हा आलेख फळ्यावर अवश्य काढावा.) कोसळलेली २ पाय/√३ इतकी उंची परत मिळवली की उत्तर येते ३.६२७६.

डी. जे. जेफ्री व ए. डी. रिच यांनी १९९४ साली अशा त्रिकोणमितीय समाकलांसाठी उडी नसलेली सूत्रे मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. रिच हे ‘डिराइव्ह’ या गणिती प्रणालीचे एक कर्ते. आपल्या उदाहरणात ते फल असे :

क्ष/√३ − (२/√३) × व्यस्त टॅन [साइन क्ष/(२ + √३ + कोसाइन क्ष)]

येथील छेद कधीच शून्य होत नाही. दोन्ही टोकांना साइन शून्य, म्हणून उरते केवळ क्ष/√३.

पडताळा हवा? ०, ९०, १८० व २७० अंशांवरील फलाच्या किमती १/३, १/२, १, १/२. त्यांची बेरीज गुणिले पाय/२ करा : ३.६७. दर ४५ अंशांनी आठ किमती घेऊन बेरजेला पाय/४ ने गुणा, ३.६२७८ येईल. आता १/(५ + ४ कोसाइन क्ष) घेऊन बसा. उत्तर २ पाय/३ यावयास हवे.