कंपवाताचे सोबती

चहाची बशी हाती घेतली की ती किणकिणू लागते, सदऱ्याची गुंडी लावावयास पाव तास लागतो, आणि एके काळचे टपोरे अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होते. मुलांनो, तुमच्या आजोबांचे असे होत असेल, तर तो केवळ म्हातारपणाचा दोष असेलच असे नाही. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टराने १८१७ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्यास पार्किन्सनचा आजार म्हणतात. आपल्याकडे त्यास कंपवात असे नाव आहे. मेंदूच्या एका लहानशा भागातील पेशी हळूहळू नष्ट होतात व डोपामीन नावाचे द्रव्य कमी पडू लागते. औषधांनी त्रास कमी होतो. आजार समूळ जात नाही. (चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे आजोबा रागावलेले दिसतात, बहुधा ते रागावलेले नसतात!)

समजा, हे आजोबा दौंड तालुक्यातील कुरकुंभचे आहेत. गावात फिरंगाई देवीचे मंदिर आहे, औद्योगिक वसाहत आहे, पुणे-सोलापूर रस्ताही आहे. परंतु कंप असलेला दुसरा मनुष्य त्यांना कोठे भेटणार? ते हात खिशात लपवितात, लग्नकार्यास जाण्याचे टाळतात. डॉक्टर गोळ्या देतात खरे. पण चारचौघांत जेवावे कसे, बँकेत सही जुळली नाही तर काय करावे, हे कोणास विचारावे?

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ नावाची संस्था आहे. रुग्णांनी व त्यांच्या आप्तांनी परस्परांस आधार द्यावा, हा तिचा हेतू. सभेचा लाभ मात्र जो पुण्यास जाऊ शके त्यालाच मिळे. फेसबुक २००४ साली व व्हॉट्सॲप २००९ साली निघाले, आणि अशी मंडळी दूरवर बसूनही एकमेकांस भेटू लागली. चालताना पाय जमिनीला खिळला, तर जमिनीवर आखलेली रेषा ओलांडण्याचा प्रयत्न करावा, म्हणजे तो उचलला जातो. असली युक्ती तेथे एकाकडून दुसऱ्यास कळते. पुष्कळ जण स्वतः काहीच लिहीत नाहीत, नुसते वाचतात. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, एवढे कळले तरी त्यांना हायसे वाटते.

पण तेथेच एखादा लिहितो, 'गोळ्या सोडा, खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण घ्या.' यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे. या बियांत लेव्होडोपा नावाचे द्रव्य असते. या आजाराच्या मुख्य गोळीतही तेच असते. परंतु गोळीत ते मोजून घातलेले असते. चमचाभर चूर्णात किती, हे कोण सांगणार? दोन्ही घेतली तर मात्रा वाढते, आणि गोळी एकाएकी सोडली तर अंग लाकडासारखे ताठून प्राणावरही बेतू शकते.

मग आजोबांनी वाचूच नये काय? अवश्य वाचावे. जे नवे वाटेल ते कागदावर उतरवावे व तो कागद पुढच्या खेपेस डॉक्टरांपुढे ठेवावा. मात्र तो नातीने लिहिलेला बरा. आजोबांचे अक्षर डॉक्टरांना लागावयाचे नाही.